काडतूस : एका कागदी पुडीची कहाणी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एक बातमी आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेली असते. अमुक नाक्यावर पोलिसांनी सापळा रचून एका इसमास ताब्यात घेतले. झडतीत त्याच्याजवळ एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे सापडली. ही बातमी इतकी ठरावीक असते की, डोळे तिच्यावरून सहज पुढे सरकतात. तरीही तिच्यातील दोन शब्दांपाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. ज्या हत्याराला बातमीदाराने ‘गावठी’ म्हटले, त्याचे नाव मात्र गावठी नाही. ‘पिस्तूल’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिस्तोला’वरून आपल्याकडे आला, आणि ‘काडतूस’ हा ‘कार्तूशु’वरून. दोघेही समुद्रमार्गे आले, किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत असे मिसळून गेले की, त्यांना आज कोणी परके म्हणत नाही.

पिस्तुलाची गोष्ट येथे बाजूला ठेवू. काडतूस म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर पितळेची चकचकीत नळी उभी राहते. ‘काडतूस’ या शब्दात ‘काडी’ दडलेली असावी, आणि काडी लावण्याशी त्याचा काही संबंध असावा, असेही कित्येकांना वाटते. वास्तविक या शब्दात धातू नाही आणि काडीही नाही. त्यात आहे तो केवळ कागद. काडतूस म्हणजे मुळात कागदाची पुडी, आणि त्या शब्दाचा अर्थही तेवढाच.

प्रस्तुत लेखात या पुडीचा माग काढावयाचा आहे. हा खटाटोप निव्वळ शब्दांच्या कुतूहलापोटी नाही. कागदावर माणसांनी ठेवलेला विश्वास आणि कागदावरून उडालेला विश्वास, या दोहोंचा इतिहास या एका शब्दात साठलेला आहे, असे मला वाटते. शिवाय आपल्या समाजाशी त्याचे एक जवळचे नातेही आहे.

पपायरसपासून पुडीपर्यंत

या शब्दाचा उगम ग्रीक भाषेत आहे. नाईल नदीकाठच्या पपायरस नावाच्या लव्हाळ्यापासून केलेल्या लेखनपत्राला ग्रीक लोक ‘खार्तीस’ म्हणत. बायबलच्या नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, तो योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते कागद आणि शाई यांच्या साहाय्याने लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटून, समोरासमोर बोलावे अशी इच्छा पत्रलेखक तेथे व्यक्त करतो. कागदाने सर्व काही सांगता येत नाही, ही जाणीव त्या वाक्यामागे आहे. पुढे या शब्दाचे जे झाले ते पाहताना ही जाणीव आपल्याला पुन्हा आठवणार आहे.

ग्रीकांकडून हा शब्द लॅटिनमध्ये ‘कार्ता’ म्हणून गेला आणि तेथून युरोपच्या बहुतेक भाषांत पसरला. इंग्रजीतील चार्टर म्हणजे सनद, चार्ट म्हणजे तक्ता, कार्ड म्हणजे पत्ता, ही सगळी त्याचीच लेकरे. इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५ साली ज्या मॅग्ना कार्टावर मोहर उमटवली, त्या महासनदेच्या नावातही तोच शब्द आहे. पोर्तुगीज भाषेत तर साध्या पत्रालाही ‘कार्ता’च म्हणतात. गोव्यात किंवा आफ्रिकेत गेलेला मुलगा आईला ‘कार्ता’ लिहीत असे, आणि संत पौलाची पत्रे हीही ‘कार्ताश’च.

इटालियन भाषेत या शब्दाला एक नवे रूप मिळाले : ‘कार्तोच्चो’. कागद गुंडाळून केलेली नळी, शंकू किंवा पुडी, असा त्याचा अर्थ. आजही इटलीत मासा कागदात गुंडाळून भट्टीत भाजतात, त्या पाककृतीला याच शब्दाने ओळखतात. फ्रेंचांनी त्याचे ‘कार्तूश’ केले, पोर्तुगीजांनी ‘कार्तूशु’, तर इंग्रजांनी त्याला वाकवून ‘कार्ट्रिज’ बनवले. लिस्बनच्या रस्त्यांवर थंडीच्या दिवसांत भाजलेले चेस्टनट विकणारे उभे असतात. ते ज्या कागदी शंकूत चेस्टनट भरून देतात, त्याला तेथे ‘कार्तूशु’ म्हणतात. आपल्या रेल्वे स्थानकाबाहेर चणेवाला जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिच्यात गरम शेंगदाणे भरतो आणि वरचे टोक मुडपून आपल्या हाती देतो. शब्दाचा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर ते काडतूसच होय.

समुद्रावरचे दोन कागद

पोर्तुगीज लोक हिंदी महासागरात आले, तेव्हा त्यांच्याबरोबर याच घराण्यातील दुसराही एक शब्द आला होता : ‘कार्ताझ’. ग्रीक ‘खार्तीस’ अरबीत ‘किर्तास’ झाला होता, आणि पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा त्या अरबी शब्दापासून घडलेला आहे. कार्ताझ म्हणजे समुद्रप्रवासाचा परवाना. हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्या देशी जहाजांनी तो पोर्तुगीजांकडून विकत घ्यावा, ठरवून दिलेल्या बंदरात थांबून जकात भरावी, अशी सक्ती त्यांनी केली. ज्या जहाजाजवळ हा कागद नसे, ते पकडले जाई किंवा बुडविले जाई.

ज्या समुद्रावर शतकानुशतके गुजराती, अरब, मलबारी व्यापारी मोकळेपणाने ये-जा करीत होते, तेथे जाण्यासाठी आता कागद लागू लागला. तो जवळ नसेल, तर दुसऱ्या कागदाशी, म्हणजे दारूने भरलेल्या कागदाशी, गाठ होती. ‘कार्ताझ’ आणि ‘कार्तूशु’ हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक आजीची नातवंडे; एक अरबांच्या घरून आलेला, दुसरा इटलीच्या. या योगायोगात कोणी काही योजना केली नव्हती. पण सत्ता आधी कागद दाखवते आणि मग बंदूक, हा जगभरचा अनुभव येथे भाषेतच नोंदला गेला आहे.

दातांनी फाडायची पुडी

आता ही कागदी पुडी बंदुकीत कशी शिरली ते पाहू. सुरुवातीच्या बंदुका पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून भरीत. आधी दारू मोजून ओतायची, मग शिशाची गोळी, मग ती गोळी घरंगळू नये म्हणून चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, आणि शेवटी लोखंडी गजाने सगळे ठासायचे. ‘ठासणीची बंदूक’ हे आपले नाव त्यावरूनच पडले. लढाईच्या गदारोळात, वाऱ्यापावसात, थरथरत्या हाताने दारू मोजणे हे जिकिरीचे काम. म्हणून सैनिक खांद्यावरून आडव्या घेतलेल्या पट्ट्याला लहान लाकडी डब्या टांगीत. प्रत्येक डबीत एका बाराची दारू. अशा बहुधा बारा डब्या असत. पुढच्या काळात त्यांना ‘बारा प्रेषित’ असे टोपणनाव पडले. प्रभूच्या प्रेषितांच्या संख्येचा याहून विपरीत उपयोग क्वचितच झाला असेल.

या डब्या एकमेकींवर आपटून खडखडत आणि ठिणगी पडली तर पेट घेत. त्यांच्या जागी हळूहळू कागदाची पुडी आली. एका बाराला लागणारी दारू आणि एक गोळी कागदाच्या नळीत भरून तिची दोन्ही टोके बंद करायची. अशा पुड्या आधीच तयार करून कमरेच्या चामडी पेटीत ठेवलेल्या असत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनचा राजा गुस्टाव्ह अॅडॉल्फ याच्या सैन्याने या पद्धतीचा चांगलाच उपयोग करून घेतला, आणि पुढे सर्व युरोपात ती रूढ झाली. सैनिकाने पुडी दातांत धरून तिचे टोक फाडायचे, चिमूटभर दारू चकमकीजवळच्या खोबणीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची, गोळी सोडायची आणि पुडीचा कागदच बोळा म्हणून वर ठासायचा. चांगला तयार झालेला शिपाई एका मिनिटात तीन बार काढू शके.

या पद्धतीत दातांचे महत्त्व मोठे होते. पुढचे दात नसलेला तरुण पुडी फाडू शकत नसल्यामुळे सैन्याला निरुपयोगी ठरे. नेपोलियनच्या काळात सक्तीची सैन्यभरती टाळण्यासाठी कित्येक फ्रेंच तरुणांनी आपले पुढचे दात स्वतःच उपटून टाकले होते. लढाईनंतर सैनिकांची तोंडे दारूने काळी पडलेली असत आणि तिच्यातील सोऱ्यामुळे त्यांना भयंकर तहान लागे. काडतूस ही हातात धरण्याची वस्तू होती, तशी ती तोंडात घालण्याचीही होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण आपल्या देशाच्या इतिहासात पुढे तीच निर्णायक ठरली.

ग्रंथांची काडतुसे

इतका कागद आणायचा कोठून, हा प्रश्न प्रत्येक युद्धात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा ग्रंथांच्या कोठारात शोधले गेले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात एफ्राटा नावाच्या ठिकाणी एका धार्मिक बंधुसमाजाने १७४८-४९ साली एक प्रचंड ग्रंथ जर्मन भाषेत छापला होता. ‘हुतात्म्यांचा आरसा’ हे त्याचे नाव. शस्त्र हाती धरणे हे पाप मानणाऱ्या मेनोनाइट पंथीयांनी आपल्या श्रद्धेसाठी दिलेल्या बलिदानाच्या कथा त्यात संग्रहित आहेत. त्यांतील अनेकांचे बळी कॅथलिक राजसत्तांनी घेतले होते, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि सैन्याला काडतुसांसाठी कागद कमी पडू लागला, तेव्हा या ग्रंथाचे विकावयाचे राहिलेले, बांधणी न झालेले छापील ताव सैनिकांनी उचलून नेले. ज्यांनी मारण्यापेक्षा मरणे पत्करले, त्यांच्या कथांच्या पुड्या झाल्या आणि त्यांत दारू भरली गेली.

त्याच प्रांतातील जर्मनटाऊन येथे क्रिस्टोफर सावर यांच्या छापखान्यातून १७७६ साली जर्मन बायबलची आवृत्ती निघाली होती. दुसऱ्याच वर्षी त्या गावात लढाई झाली आणि त्या बायबलच्या न बांधलेल्या तावांचीही तीच गत झाली. आजही ग्रंथसंग्राहक त्या आवृत्तीला ‘बंदुकीच्या बोळ्याचे बायबल’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर मठांची, चर्चची आणि सरदार घराण्यांची दप्तरे जप्त झाली. त्यांतील चर्मपत्रे चिवट असल्यामुळे तोफांच्या दारूच्या पिशव्या करण्यासाठी शस्त्रागारांत पाठविण्यात आली. मध्ययुगातील कित्येक सनदा तोफेच्या तोंडी गेल्या. काही दस्तऐवज शस्त्रागारांत पडून राहिले, म्हणून वाचले आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा दप्तरखान्यात परतले. ‘चार्टर’चे ‘कार्तूश’ झाले. भाषेने ज्यांना भावंडे म्हणून जन्म दिला होता, त्यांतील एकाने दुसऱ्याला गिळले.

या इतिहासाला एक सुखद अपवादही आहे. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. तेथील मंदिरांच्या भिंतींवर लंबवर्तुळाकार चौकटींत कोरलेली चित्रलिपीतील अक्षरे फ्रेंचांना दिसली. त्या चौकटी सैनिकांना आपल्या कमरेच्या काडतुसांसारख्या वाटल्या, म्हणून त्यांना ‘कार्तूश’ हे नाव पडले, असे सांगतात. त्या चौकटींत राजांची नावे होती. टॉलेमी आणि क्लिओपात्रा यांच्या नावांच्या ‘काडतुसां’वरून शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाला १८२२ साली प्राचीन इजिप्तची लिपी उलगडण्याची किल्ली मिळाली. पपायरसचा देश तो. जेथून कागदाचे नाव निघाले, तेथेच ते युद्धाचे होऊन परतले आणि अखेर वाचनाच्या उपयोगी पडले.

मराठीच्या घरात

पोर्तुगीजांकडून हा शब्द आपल्याकडे आला, हे सांगणारा विद्वान आपल्याच मातीतला होता. मोन्सिन्योर सेबास्त्यांव रोदोल्फो दालगाद यांचा जन्म १८५५ साली गोव्यातील आसगाव येथे झाला. धर्मगुरू म्हणून सेवा करीत असतानाच त्यांनी भाषांचा व्यासंग केला. त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश १८९३ साली मुंबईत छापला गेला. पुढे लिस्बनला त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. आजारपणात त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले, तरी त्यांचे काम थांबले नाही. आशियाई भाषांवर पोर्तुगीज शब्दसंपत्तीचा झालेला परिणाम दाखविणारा त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. १९३६ साली बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्या ग्रंथातील शब्दांच्या लांबलचक यादीत ‘कार्तूशु’ आणि त्याची भारतीय भाषांतील रूपे आहेत.

ही यादी वाचताना मराठी माणसाला आपल्याच घरातून फिरल्यासारखे वाटते. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, घमेले, पगार, लिलाव, तुरुंग. स्वयंपाकघरापासून कचेरीपर्यंत हे शब्द पसरलेले आहेत. ‘त्रोंकु’ या शब्दातील शेवटचा स्वर गळून जसा ‘तुरुंग’ झाला, तसाच ‘कार्तूशु’चा शेवटचा स्वर गळाला. हिंदी-उर्दूत तो ‘कारतूस’ झाला, तर मराठीत ‘र’च्या जागी ‘ड’ येऊन ‘काडतूस’. मराठीने त्याला नपुंसकलिंग दिले, ‘काडतुसे’ असे अनेकवचन दिले, आणि सामान्यरूपात ‘तू’चा ‘तु’ करून त्याला आपल्या व्याकरणाच्या शिस्तीत बसवले. शब्द भाषेत रुजला की नाही, याची याहून दुसरी परीक्षा नाही.

तो आला त्या वाटाही आपल्या ओळखीच्या आहेत. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशेपाच वर्षे उत्तर कोकणचा हा पट्टा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. जुन्या गोव्याला लागून असलेल्या पणेली गावी त्यांचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. पोर्तुगीज आणि मिश्र वंशाचे गोलंदाज देशी सैन्यांतही चाकरी करीत. शत्रुत्व असले म्हणून शब्दांची देवघेव थांबत नाही. उलट हत्यारांचे शब्द पुष्कळदा शत्रूकडूनच घेतले जातात.

आणि काडतुसाच्या पोटात तरी एकच भाषा कोठे आहे? त्यातील ‘दारू’ हा शब्द फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘औषध’. ते ज्या बंदुकीत घालायचे, ती ‘बंदूक’ अरबी. ‘बुंदुक’ म्हणजे हेझल नावाच्या झाडाचे कठीण कवचाचे फळ, मग तेवढ्या आकाराची गोळी, आणि अखेर ती गोळी फेकणारे हत्यार. ‘तोफ’ तुर्कांकडून आली. वसईच्या वेढ्यात मराठ्यांनी तटाखाली जे सुरुंग उडवले, त्या ‘सुरुंग’ शब्दाचे नातेही अभ्यासक ग्रीक ‘सिरिंक्स’शी जोडतात. फारसी औषध, अरबी फळ आणि पोर्तुगीज कागद एकत्र आले, तेव्हा आपली बंदूक उडू लागली. ज्यांना शुद्ध रक्ताची आणि शुद्ध भाषेची फार काळजी वाटते, त्यांनी एकदा हे काडतूस उकलून पाहावे.

कागदावरचा संशय

या शब्दाने आपल्या देशाच्या इतिहासात सर्वांत मोठा स्फोट केला तो १८५७ साली. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या फौजेला नवी एन्फील्ड रायफल देण्याचे ठरवले. तिच्या नळीत आतून पन्हळ्या होत्या. गोळी घट्ट बसून सहज आत सरकावी म्हणून काडतुसाच्या टोकाला चरबी लावलेली असे. ती गायीची आणि डुकराची आहे, अशी वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथे उठली. तेथील एका खालच्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाणी पिण्यास लोटा मागितला. तो नाकारला गेला, तेव्हा खलाशी म्हणाला की, ही काडतुसे तोंडाने फोडाल तेव्हा तुमची जात कोठे राहील, असा प्रसंग सांगितला जातो. चरबी कोणत्या जनावराची आहे याविषयी काही खबरदारी घेतली गेली नव्हती, हे पुढे अधिकाऱ्यांनाच मान्य करावे लागले.

परंतु या प्रकरणातील एक गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. संशय चरबीपुरता राहिला नाही. तो कागदावर गेला. फेब्रुवारीत बराकपूर येथे चौकशी झाली, तेव्हा शिपायांनी सांगितले की, नव्या काडतुसाचा कागद वेगळा आहे, तो चकाकतो, जाळला तर तडतडतो. त्यात चरबी मुरवलेली असली पाहिजे. २६ फेब्रुवारीला बहरामपूर येथील एकोणिसाव्या पलटणीने काडतुसे घेण्याचे नाकारले, ते मुख्यतः कागदावरील या संशयामुळे. २९ मार्चला बराकपूरच्या संचलनाच्या मैदानावर मंगल पांडे उभा राहिला आणि ८ एप्रिलला तो फासावर गेला.

सरकारने दोन पावले मागे घेतली होती. शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण स्वतः लावावे, अशी मुभा देण्यात आली; पुढे काडतूस दातांनी न फोडता हाताने फाडावे, अशी सुधारणाही झाली. पण विश्वास एकदा गेला की सवलतही कबुलीजबाब ठरते. काडतुसात काही नव्हते, तर पद्धत बदलली का, असे शिपाई विचारू लागले. २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद स्वारांना नवी पद्धत दाखविण्यासाठी बोलावले. वाटावयाची काडतुसे जुनीच, बिनचरबीची होती आणि ती हातानेच फाडावयाची होती. तरी पंच्याऐंशी जणांनी त्यांना हात लावला नाही. ९ मे रोजी त्या पंच्याऐंशी जणांना सर्व फौजेसमक्ष बेड्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मेरठ पेटले.

पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. वाटेत काडतुसांच्या प्रकरणाची हकीगत त्यांच्या कानी आली आणि ती त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. एका पोर्तुगीज पुडीचे नाव एव्हाना कोकणातल्या भिक्षुकाच्या प्रवासकथेत सहज वावरू लागले होते.

बाटण्याची भीती

१८५७ चे शिपाई अडाणी होते, अफवेला भुलले, असे म्हणून हा विषय इंग्रजांनी पुष्कळदा झटकून टाकला. आपण तसे करू नये. बराकपूरच्या चौतिसाव्या पलटणीचा कर्नल व्हीलर शिपायांत ख्रिस्ती धर्माचा उपदेश करीत असे, हे सर्वांना माहीत होते. पगार देणारा, शिक्षा करणारा आणि धर्म सांगणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या हातून येणाऱ्या पुडीत काय आहे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. ज्या समाजात धर्म हा अन्नपाण्याच्या नियमांतून सांभाळला जात होता, तेथे तोंडाला लागणारी वस्तू ही साधी वस्तू नव्हती.

वसईच्या वाचकाला येथे एक ओळखीचा धागा सापडेल. ‘पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेले सगळे बाटले’ ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कधी थट्टेने, कधी टोचून. आपल्या पूर्वजांच्या धर्मांतराचा इतिहास याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे. त्यात मिशनऱ्यांची कळकळ होती, जमीन आणि राजाश्रय होता, आणि काही काळ सक्तीही होती. ती नव्हती असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परंतु एका पावाच्या तुकड्याने शेकडो माणसांचा धर्म ठरवणाऱ्या कथेत आपल्या पूर्वजांच्या मनाला काही जागाच उरत नाही. विहिरीतला पाव आणि तोंडातले काडतूस या दोन कथा एकाच भीतीच्या आहेत. पहिल्या कथेतील भीती आपल्याविषयी आहे आणि दुसरीतील शिपायांची. एकीने आपण दुखावले जातो, म्हणून दुसरीला हसण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. दोन्ही ठिकाणी हुकूम होते, जाहीरनामे होते, कागद पुष्कळ होता. समोरासमोर बसून बोलणे तेवढे नव्हते. योहानाच्या पत्रातील ती इच्छा येथे आठवते.

नाव उरले

कागदी काडतुसाचे दिवस त्यानंतर फार उरले नाहीत. १८६६ पासून इंग्रजी फौजेत मागून भरण्याची स्नायडर रायफल आली आणि तिच्याबरोबर पातळ पितळी पत्र्याचे काडतूस. पुढे ते सगळेच धातूचे झाले. दातांचे काम संपले, चरबीचा वाद संपला, कागद गेला. नाव मात्र तेच राहिले. आज पोलीस ज्या ‘जिवंत काडतुसां’ची नोंद करतात, त्यांत कागदाचा कपटाही नसतो, शब्द मात्र अजून कागदच म्हणतो आहे.

लिस्बनच्या चेस्टनटची पुडी लेखाच्या आरंभी आली होती. ते चेस्टनट पोर्तुगालमध्ये ११ नोव्हेंबरला, तूरच्या संत मार्टिनच्या सणाला, घरोघरी भाजले जातात. मार्टिन हा रोमन सैन्यातील शिपाई. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा दिला, ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे. पुढे लढाईच्या आदल्या दिवशी त्याने आपण ख्रिस्ताचे सैनिक आहोत, यापुढे लढणार नाही, असे सांगून शस्त्र खाली ठेवले, असे त्याचा चरित्रकार लिहितो. त्याच्या सणाच्या दिवशी लिस्बनच्या थंड रस्त्यावर मुले हातात ‘कार्तूशु’ घेऊन उभी असतात. त्यात दारू नसते, गोळी नसते. असतात ते गरम, मीठ लावलेले चेस्टनट. या शब्दाचा पहिला अर्थ तेथे अजून वापरात आहे.